तीन दिवे आणि आठ ओळी

आप्पांच्या दुकानात जळकी मोटर घेऊन कुणीही येवो, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "तिन्ही फेज होते काय?" समोरचा माणूस बहुतेक वेळा म्हणतो, "होते की. दिवा लागत होता." त्यावर आप्पा काही बोलत नाहीत. पान्यानं मागचं झाकण उघडतात, आत बॅटरी मारतात आणि बराच वेळ बघत राहतात.

फेज म्हणजे मोटरीला वीज आणणाऱ्या तीन तारांतली एकेक. हा संवाद मी लहानपणापासून ऐकत आलेय. त्यातला 'तिन्ही' हा शब्द किती जड आहे, ते मात्र मला गेल्या मार्चमध्ये कळलं.

आमचं दुकान खानापुरातून नंदगडकडं जाणाऱ्या रस्त्याला आहे. एका शटरची जागा. आत लाकडी बाकडं, तांब्याच्या तारेची रिळं, पिवळा इन्सुलेशन पेपर, आणि कपड्यांतून कधीच न जाणारा वार्निशचा वास. पावसाळ्यात काम नसतं. आमच्या तालुक्यात पाऊस एवढा, की तेव्हा पंपाची आठवण कुणाला येणार? जानेवारी ते मे मात्र ऊस आणि भाजीपाला वाचवायला पंप रात्री-अपरात्री चालतात, आणि जळतात. मी दहावीपर्यंत सरकारी मराठी शाळेत होते, मग बेळगावात डिप्लोमा केला आणि तिथून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला कॉम्प्युटर सायन्सला आले. वर्गात शिकवणं इंग्रजीत, शंका कन्नडमध्ये, आणि माझ्या डोक्यात सगळं मराठीत.

डिस्क्रीट मॅथ्सचं पहिलंच प्रकरण तर्कशास्त्राचं होतं. सुरुवात सोपी वाटली. विधान म्हणजे असं वाक्य, जे खरं तरी असतं किंवा खोटं तरी. दोन्ही एकदम नाही, आणि अधलंमधलं काही नाही. 'मलप्रभा कणकुंबीला उगम पावते' हे विधान, आणि ते खरं आहे. 'मलप्रभा अरबी समुद्राला मिळते' हेही विधानच, फक्त खोटं. 'पंप बंद कर' हे विधान नव्हे, 'पाऊस येईल काय?' हेही नव्हे. कारण त्यांना खरं-खोटं लावताच येत नाही. मग ही साधी विधानं जोडायचे पाच प्रकार: आणि, किंवा, नाही, जर-तर, आणि 'जर आणि तरच'. प्रत्येकाला एक चिन्ह, आणि प्रत्येकाची एक सत्यता सारणी. दोन विधानं असतील तर सारणीत चार ओळी, तीन असतील तर आठ. एकेक विधान वाढलं की ओळी दुप्पट.

सारण्या मी पाठ केल्या. परीक्षेत सारणी भरायचे प्रश्न बरोबर आले, आणि इंग्रजी वाक्य देऊन 'हे चिन्हांत लिहा' म्हटलेले सगळे चुकले. २५ पैकी ९ मार्क. पेपर हातात आला तेव्हा वाटलं, चिन्हंच आपल्याला जमत नाहीत. हॉस्टेलवर त्या रात्री पेपर पुन्हा बघितला तर चिन्हांची चूक एकही नव्हती. वाक्य नेमकं काय म्हणतंय, तिथंच मी प्रत्येक वेळी घसरले होते. वाक्य मराठीत आणून बघायची माझी सवय, आणि मराठीतलं ते वाक्यच मी कधी नीट न्याहाळलं नव्हतं.

त्या शनिवारी गावाकडं निघाले. बेळगाव ते खानापूर पंचवीस-सव्वीस किलोमीटर. बसमध्ये वही उघडली ती जर-तरच्या सारणीवर, कारण तीच माझ्या गळी उतरत नव्हती. 'जर प, तर फ' या विधानात प खरं आणि फ खोटं असेल तर अख्खं विधान खोटं, इथपर्यंत ठीक. पण प खोटं असेल तर? सारणी म्हणते, तेव्हा फ काहीही असो, विधान खरंच. वर्गात हे 'व्याख्या म्हणून लक्षात ठेवा' असं सांगितलं गेलं होतं. मला ते लबाडीसारखं वाटायचं. जे घडलंच नाही त्यावरून एखादी गोष्ट खरी कशी ठरवायची?

तेवढ्यात कंडक्टर आला. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून बायकांना राज्याच्या साध्या बसमधून फुकट प्रवास आहे. इथला पत्ता असलेलं कार्ड दाखवायचं, कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट देतो. मी कार्ड दाखवलं, तिकीट घेतलं. माझ्या शेजारी चंदगडकडच्या एक मावशी होत्या, खानापूरला लेकीकडं निघालेल्या. त्यांच्या कार्डावर महाराष्ट्राचा पत्ता. त्यांनी कुरकुर न करता पैसे दिले आणि मला म्हणाल्या, "आमच्याकडं लालपरीत बायकांना अर्धं तिकीट, तुमच्याकडं फुकट. बॉर्डर लागली की हिशेब बदलतो बघ." पुढच्या बाकावरच्या बाईच्या मांडीवर एक तान्हा मुलगा होता. त्याचं तिकीट कुणी मागितलंच नाही.

आणि तिथं मला सारणीच्या ओळी एकाच बसमध्ये बसलेल्या दिसल्या. नियम असा: 'जर बाईकडं इथल्या पत्त्याचं कार्ड असेल, तर पैसे घ्यायचे नाहीत.' माझ्याकडं कार्ड, पैसे घेतले नाहीत: नियम पाळला गेला. मावशींकडं तसं कार्ड नाही, पैसे घेतले: नियम मोडला काय? नाही. बाळ बाईही नव्हे आणि त्याच्याकडं कार्डही नाही, तरी पैसे घेतले नाहीत: तरीही नियम मोडला नाही. नियम मोडायची एकच तऱ्हा आहे. कार्डवाल्या बाईकडून पैसे घेणं. ती एक ओळ खोटी, बाकी तिन्ही खऱ्या. सारणी 'घडलं' म्हणत नाही, 'वचन मोडलं नाही' एवढंच म्हणते. हे मला दोन महिने कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

मग वहीत लिहिलं: नियम मोडला म्हणजे 'अट पुरी आणि पैसे घेतले'. नियम पाळला म्हणजे याच्या उलट, 'अट पुरी नाही किंवा पैसे घेतले नाहीत'. म्हणजे 'प → फ' आणि '¬प ∨ फ' हे एकच. पुस्तकात हे सूत्र चौकटीत छापलेलं होतं आणि मी ते नुसतं घोकलं होतं.

इथंच 'च' सापडला. मावशी म्हणाल्या होत्या, "तसं कार्ड असलं तरच फुकट की." कंडक्टरचा नियम आणि मावशींचं वाक्य यांत फरक एका अक्षराचा, पण बाण उलटा फिरतो. 'कार्ड असेल तर फुकट' म्हणजे कार्ड → फुकट. 'कार्ड असेल तरच फुकट' म्हणजे फुकट → कार्ड. जो कुणी फुकट बसलाय त्याच्याकडं कार्ड असलंच पाहिजे. मावशींचं वाक्य नियम मानलं, तर मांडीवरचं ते बाळ नियम मोडून बसलंय. इंग्रजीत यासाठी 'इफ' आणि 'ओन्ली इफ' असे प्रयोग आहेत आणि त्यांतलं 'ओन्ली' मी परीक्षेत नजरेआड केलं होतं. मराठीत मात्र 'च' कानाला टोचतो. 'मी येतेच' आणि 'मीच येते' यांतला फरक आमच्या घरातल्या पाच वर्षांच्या पोरालाही कळतो. 'जर आणि तरच' हा शब्दप्रयोग ज्यांनी मराठी गणितात आणला त्यांचे मी आभार मानते. दोन्ही बाण त्या तीन शब्दांत आहेत.

दुकानावर पोचले तर बाकड्यावर पाच एचपीची मोटर उघडी पडली होती. आप्पांनी चहा मागवला आणि विचारलं, "काय करालीस कॉलेजात?" मी म्हटलं, "लॉजिक शिकालोय आप्पा." (आमच्याकडं बायकाही 'शिकालोय', 'आलो' असंच बोलतात, लिहिताना मी प्रमाण मराठीत येते.) ते म्हणाले, "ते काय असतं?" मला धड सांगता येईना. म्हटलं, "एक गोष्ट खरी असली तर दुसरी खरी कशी म्हणायची, त्याचं शास्त्र." आप्पांनी मोटरीकडं बोट केलं. "मग ही का जळली सांग."

गोल चौकटीत तारांचे सहा गठ्ठे दिसत होते. चार कोळशासारखे काळे. दोन स्वच्छ, वार्निशच्या तांबूस रंगाचे, काल भरल्यासारखे. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "एक फेज गेला होता. मालक म्हणतोय तिन्ही होते. खरं एक नव्हता."

त्या 'खरं'वर थोडं थांबते. आमच्या भागात 'पण' या अर्थी 'खरं' म्हणतात. 'येणार होतो खरं बस चुकली.' पुण्याच्या माझ्या मावसबहिणीला हे वाक्य मधेच तुटल्यासारखं वाटतं. परीक्षेत एक प्रश्न होता, 'पाऊस पडतोय पण थंडी नाही' या अर्थाचा. 'पण'चं चिन्ह कोणतं म्हणून मी पानभर शोधत राहिले. असं चिन्हच नाही. तर्कशास्त्र 'पण'ला 'आणि' मानतं. 'पण'मध्ये जे आश्चर्य असतं, अपेक्षाभंग असतो, तो चिन्हांत उतरत नाही. उरतं ते एवढंच, की डावीकडचं खरं आहे आणि उजवीकडचंही खरं आहे. मग लक्षात आलं की आमच्या बोलीनं त्या जागी शब्दच 'खरं' ठेवलाय. आप्पा जेव्हा म्हणतात, "तिन्ही फेज हाईत खरं मोटर उठंना," तेव्हा ते चिन्हाच्या अगदी जवळ बोलत असतात. त्या दिवसापासून 'आणि'चं चिन्ह ∧ दिसलं की मला ते 'खरं' असंच ऐकू येतं.

तर मोटर. मी विचारलं, "एक फेज गेला होता हे कशावरून?" आप्पा म्हणाले, "स्टार जोडणीची मोटर. चालू असताना एक फेज गेला की उरलेल्या दोनांवर सगळा भार येतो. त्या दोनांचे गठ्ठे जळतात, तिसऱ्याचे कोरे राहतात. बघ की."

माझ्या डोक्यात नुकतंच वाचलेलं होतं. 'जर प तर फ' खरं आहे, आणि प खरं आहे, तर फ खरं: हा पक्का नियम. 'जर प तर फ' खरं आहे, आणि फ खोटं आहे, तर प खोटं: हाही पक्का. पण 'जर प तर फ' आणि फ खरं, म्हणून प खरं? हे चूक आहे. रस्ता ओला आहे म्हणून पाऊस पडला असं नाही. टँकर सांडलेला असेल. आणि आप्पा नेमकं हेच करत होते. एक फेज गेला तर दोन काळे, एक कोरा. इथं दोन काळे, एक कोरा. म्हणून एक फेज गेला. मी हे त्यांना सांगितलं. जपून सांगितलं, कारण तीस वर्षं काम केलेल्या माणसाला दोन महिने शिकलेल्या पोरीनं चूक दाखवणं बरं दिसत नाही.

आप्पा रागावले नाहीत. चहाचा ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, "ओव्हरलोडनं जळली असती तर सहाही गठ्ठे सारखे काळे झाले असते. आत तारेला तार लागून शॉर्ट झाला असता तर एकाच जागी जळून तार वितळली असती, बाकी चांगलं. हे दोन्ही नाही. मग राहिलं काय?"

मी वहीत लिहिलं. एक फेज गेला, किंवा ओव्हरलोड, किंवा आतला शॉर्ट. ओव्हरलोड नाही. शॉर्ट नाही. म्हणून एक फेज गेला. हा तर पुस्तकातला शुद्ध नियम! पर्याय मांडायचे, एकेक खोटा ठरवायचा, उरतो तो खरा. आप्पा बोलले तेव्हा फक्त शेवटची पायरी बोलले होते. आधीच्या पायऱ्या त्यांच्या नजरेनं एका क्षणात केल्या होत्या. माझी शंका चुकीची नव्हती, त्यांचा निष्कर्षही चुकीचा नव्हता. मधलं विधान न बोललेलं राहिलं होतं, एवढंच.

आता यातली एक गोष्ट पुस्तक देऊ शकत नाही. ही तीन पर्यायांची यादी पुरी आहे काय? चौथं कारण नसेल कशावरून? तर्कशास्त्र म्हणतं, आधी विधानं द्या, मग पुढचं मी बघतो. विधानं येतात कुठून, तर मोटरी उघडून. आप्पांनाही हे ठाऊक असावं, कारण एवढं सगळं सांगून झाल्यावर त्यांनी मालकाला फोन लावला आणि ट्रान्सफॉर्मरवरचा फ्यूज बघून यायला सांगितलं. तासाभरानं त्याचा फोन आला. एक फ्यूज उडालेला होता. मालकाचा दिवा उरलेल्या दोनांपैकी एका फेजवर होता, म्हणून तो लागत होता.

हाच तो 'तिन्ही'. दुकानाच्या भिंतीवरच्या पॅनलला तीन दिवे आहेत, लाल, पिवळा, निळा, एकेका फेजचा एकेक. मी सारणी आखली. तीन विधानं: लाल आहे, पिवळा आहे, निळा आहे. आठ ओळी. 'तिन्ही आहेत' हे फक्त एका ओळीत खरं. 'एकही नाही' हेही एकाच ओळीत. मधे सहा ओळी, ज्यांत काही आहेत, काही नाहीत. मालक म्हणतो 'करंट आहे', आणि त्याच्या मनात दोनच ओळी असतात, पहिली आणि शेवटची. मोटर जळते ती मधल्या ओळींत.

मी मधल्या सहाही ओळींवर 'जळणार' असं लिहिलं, तर आप्पांनी पेन्सिल घेऊन तीन खोडल्या. "दोन फेज गेले तर एकटा फेज काय करणार? करंट जाणार एकातनं, परत येणार कुठनं? मोटर गप्प बसते. एकच गेला की मग घात." बरोबर होतं. सारणीला सगळ्या ओळी सारख्याच. कुठल्या ओळीत किती नुकसान आहे ते ती सांगत नाही.

'तिन्ही फेज आहेत' याचं उलट विधान कोणतं? मराठीत पटकन म्हणू, 'तिन्ही फेज नाहीत'. आता हे वाक्य दोनदा वाचा. त्याचे दोन अर्थ होतात: तीनही गायब आहेत, किंवा पुरे तीन नाहीत. आपलं 'नाही' वाक्याच्या शेवटी येतं आणि कशाला नाकारतंय ते उघडं होत नाही. माझे परीक्षेतले निम्मे मार्क या एका 'नाही'नं खाल्ले. हॉस्टेलवरची माझी मैत्रीण गोकाककडची, कन्नड बोलणारी. तिला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, आमच्यात दोन शब्द आहेत, 'इल्ल' आणि 'अल्ल'. नसणं वेगळं, तसं नव्हे म्हणणं वेगळं. तेव्हा आठवलं, आपल्याकडंही आहे की! 'नाही' आणि 'नव्हे'. 'तिन्ही फेज आहेत, असं नव्हे.' आता गोंधळ संपला. अख्खं विधान उचलून नाकारलं. तर्कशास्त्रातलं '¬' हे चिन्ह म्हणजे हा 'नव्हे' आहे, 'नाही' नव्हे. आता कुठलंही वाक्य चिन्हांत न्यायचं असलं की मी आधी 'असं नव्हे की' लावून बघते.

आणि मग सूत्र आपोआप येतं. 'लाल आणि पिवळा आणि निळा' असं नव्हे, म्हणजे लाल नाही किंवा पिवळा नाही किंवा निळा नाही. नकार आत शिरला की 'आणि'चं 'किंवा' होतं, 'किंवा'चं 'आणि'. हे नियम ज्याच्या नावानं ओळखले जातात तो ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ साली मदुराईत जन्मला. वडील कंपनी सरकारच्या फौजेत होते. तान्हा असतानाच त्याला इंग्लंडला नेलं. हे वाचून मला उगाच जवळचं वाटलं. जॉर्ज बूलबद्दलही तसंच. बूल चांभाराचा मुलगा, कॉलेजची पायरी न चढता शिकला आणि १८४७ मध्ये तर्काला बीजगणिताचं रूप देणारं पहिलं पुस्तक काढलं. त्याच वर्षी डी मॉर्गनचंही तर्कशास्त्रावरचं पुस्तक आलं.

स्टार्टरच्या पेटीत सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर म्हणून एक डबी असते. तिचं सगळं काम हे एक सूत्र आहे: तिघांतला एक जरी गेला तरी मोटर तोड. जळलेल्या मोटरीच्या मालकानं ती डबी काढून वायर थेट जोडली होती, कारण ती 'सारखी पाडते'. ती पाडत होती, कारण फेज सारखा जात होता.

प्रोग्रॅममध्येही मी नकारासोबत 'आणि'-'किंवा'ची गल्लत केली होती. लॅबमध्ये एक साधा प्रोग्रॅम होता: 'पुढे जायचं काय?' असं विचारायचं आणि उत्तर 'ह' किंवा 'न' येईपर्यंत विचारत राहायचं. मी लिहिलं: उत्तर 'ह' नसेल किंवा उत्तर 'न' नसेल, तोपर्यंत पुन्हा विचार. पडदा विचारतच राहिला. 'ह' दाबलं तरी, 'न' दाबलं तरी. कारण एकच अक्षर एकाच वेळी 'ह' आणि 'न' असू शकत नाही, म्हणजे दोनांतलं एक 'नसेल' नेहमी खरंच. ज्या विधानाच्या सारणीत सगळ्याच ओळी खऱ्या येतात त्याला टॉटॉलॉजी म्हणतात. माझ्या सारणीतली एकमेव खोटी ओळ, 'ह' आणि 'न' दोन्ही एकदम, कधी येणारच नव्हती, म्हणून माझी अट टॉटॉलॉजीसारखीच पडद्यावर धावत होती. तिथं 'आणि' हवं होतं. त्या दिवशी मी 'किंवा' पुसून 'आणि' लिहिलं, प्रोग्रॅम चालला, आणि का चालला ते मला कळलं नव्हतं. कळलं ते पॅनलच्या तीन दिव्यांसमोर.

'किंवा'बद्दल एकच सांगते. चिन्हातलं 'किंवा' म्हणजे आधार किंवा मतदार कार्ड आणा, तसलं. दोन्ही आणली तरी कुणी परत पाठवत नाही. 'च्या घेणार का सरबत' यातलं 'का' वेगळं, तिथं एकच मिळतं.

रात्री जेवण झाल्यावर आप्पांना शॅननची गोष्ट सांगितली. १९३७ साली क्लॉड शॅनन नावाच्या एकवीस वर्षांच्या मुलानं अमेरिकेत एमआयटीमध्ये आपला प्रबंध लिहिला आणि दाखवलं, की रिले आणि स्विच यांची कुठलीही जोडणी बूलच्या बीजगणितात मांडता येते. दोन स्विच एकामागोमाग जोडले की 'आणि', शेजारी शेजारी जोडले की 'किंवा'. पुढं कॉम्प्युटरची सर्किटं याच वाटेनं आखली गेली. त्यात एक गंमतशीर गोष्ट आहे: शॅनननं सर्किट चालू असेल तर ०, आणि तुटलेलं असेल तर १ धरलं होतं. आज आपण धरतो त्याच्या उलट. त्यानं मोजला तो करंट नव्हे, अडथळा. आप्पांना यात नवल वाटलंच नाही. म्हणाले, "दुरुस्ती करणारा अडलंय कुठं तेच बघणार की."

ते उठून दुकानातून एक जुना स्टार्टर घेऊन आले. हिरवं बटण, लाल बटण, आत कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेनं ओढला जाणारा स्विच. म्हणाले, "ह्याचं लिही बघू तुझ्या चिन्हांत." मला वाटलं सोपं आहे. हिरवं दाबलं असेल आणि लाल दाबलेलं नसेल, तर मोटर चालू. आप्पांनी मान हलवली. "हिरव्यावरचं बोट काढलं की बंद पडंल मग." खरंच. हिरवं बटण सोडलं की ते परत वर येतं, तरी मोटर चालू राहते. कशी? कॉन्टॅक्टर एकदा ओढला गेला की त्याच्या अंगचाच एक जोड मिटतो आणि हिरव्या बटणाला शेजारून वाट देतो. म्हणजे शेजारी शेजारी, म्हणजे 'किंवा'. मी दुरुस्त केलं:

मोटर = (हिरवं ∨ मोटर) ∧ ¬लाल

डावीकडंही मोटर, उजवीकडंही मोटर. मी सारणी करायला घेतली आणि एका ओळीवर अडले. हिरवं दाबलेलं नाही, लाल दाबलेलं नाही. मोटर चालू धरली तर सूत्र जुळतं. बंद धरली तरी जुळतं. दोन्ही उत्तरं बरोबर! आतापर्यंत शिकलेल्या कुठल्याही सारणीत असं झालं नव्हतं. बटणं सांगा, उत्तर एकच येणार, असाच सगळा कारभार होता. मी दोनदा तपासलं. आप्पांना म्हटलं, "ह्या ओळीत मोटर चालू आहे का बंद, ते सांगताच येत नाही."

"येतं की," आप्पा म्हणाले. "मघाशी कुठलं बटण दाबलं होतं?"

त्यांनी स्टार्टर प्लगला जोडला आणि हिरवं दाबलं. कॉन्टॅक्टर खट्कन बसला. बोट काढलं, तो तसाच बसून राहिला. लाल दाबलं, सुटला. बोट काढलं, सुटलेलाच राहिला. दोन्ही वेळा दोन्ही बटणं वर, आणि उत्तरं दोन.

मी पट्टी घेतली, सारणीच्या डाव्या बाजूला एक नवा रकाना आखला आणि त्याच्या डोक्यावर लिहिलं, 'मघाशी'.